डीएनएसमध्ये काहीही ‘पसरत’ नाही

संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचे म्हटले की होस्टिंग कंपनीकडून ठरलेले उत्तर येते : बदल जगभर पसरायला २४ ते ४८ तास लागतील. हे वाक्य मला मनापासून खटकते, कारण त्यामुळे एका अतिशय सुंदर यंत्रणेबद्दल लोकांचा कायमचा गैरसमज होतो. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याच्या सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, आणि तिच्यात नवा पत्ता कोणीही जगभर वाटत फिरत नाही. आपल्या नावाच्या अधिकृत सर्व्हरांवर, म्हणजे त्याची मूळ नोंद जिथे असते तिथे, तो बहुधा काही मिनिटांतच लागू झालेला असतो. बाकी जगात घडते ते एवढेच की, ज्यांनी जुने उत्तर जपून ठेवले आहे, त्यांच्याकडची त्या उत्तराची मुदत एकेक करून संपत जाते.

ब्राउझरला एखाद्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, हवा असतो, तेव्हा तो प्रश्न रिझॉल्व्हरकडे, म्हणजे आपल्या वतीने उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरकडे, जातो. रिझॉल्व्हरकडे उत्तर नसेल, तर तो या उतरंडीच्या सर्वांत वरच्या, रूट सर्व्हरला विचारतो. रूट सर्व्हर ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ सांभाळणाऱ्या सर्व्हरांकडे बोट दाखवतो, ते त्या नावाच्या अधिकृत सर्व्हरांकडे पाठवतात आणि तिथे खरा पत्ता मिळतो. या प्रत्येक उत्तरासोबत सेकंदांत लिहिलेली एक मुदत येते. तिला टीटीएल म्हणतात, आणि तेवढा वेळ रिझॉल्व्हरने ते उत्तर स्वतःजवळ ठेवून पुन्हा पुन्हा वापरावे, अशी अपेक्षा असते.

हे डोळ्यांनी पाहता येते. लिनक्सवर ‘डिग’ ही आज्ञा देऊन एखादे नाव विचारले, तर उत्तराच्या ओळीत नावापुढे ३६०० असा काहीसा आकडा दिसतो. बारा सेकंदांनी त्याच रिझॉल्व्हरला तेच विचारले, तर तिथे ३५८८ आलेले असते. अधिकृत सर्व्हरला थेट विचारल्यास मात्र आकडा दर वेळी पूर्णच येतो, कारण तिथे उत्तर उसने आणलेले नसते. ही ओळ मी अनेकांना दाखवली आहे. एकदा ती पाहिली की ‘पसरणे’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

या मुदतीचे महत्त्व कळण्यासाठी आधीची व्यवस्था आठवावी लागते. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि प्रत्येकाने ती उतरवून घ्यायची असे. कोणाची प्रत ताजी, कोणाची शिळी, याचा भरवसा नसे. पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला, तेव्हा नोंदी अनेकांत वाटून देण्याबरोबरच प्रत्येक नोंदीला तिचे आयुष्यही दिले. माझ्या मते या रचनेतला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच होता.

यंत्रांना आयपी पत्ते वाटण्याच्या कामातही मुदतीचा हाच विचार आहे. फोन वायफायला जोडला की तो नेटवर्कभर पुकारा करतो, राउटर एक पत्ता देऊ करतो, फोन तोच मागतो आणि राउटर होकार देतो. हीच डीएचसीपी या पत्ते वाटण्याच्या पद्धतीची देवघेव. रिझॉल्व्हर कोणता वापरायचा, हेही फोनला बहुधा याच वेळी कळते. हा पत्ता आपल्याकडच्या ११ महिन्यांच्या भाडेकरारासारखा मुदतीवर मिळतो. निम्मी मुदत सरली की फोन त्याच राउटरकडे नूतनीकरण मागतो, उत्तर आले नाही तर ८७.५ टक्के मुदत सरल्यावर जो कोणी डीएचसीपी सर्व्हर ऐकेल त्याला विचारतो, आणि तरीही काही झाले नाही तर मुदतीअखेर पत्ता सोडून देतो.

तेव्हा संकेतस्थळ हलवताना वाट पाहत बसण्यापेक्षा आधी टीटीएल पाहावा. तो ८६,४०० असेल, म्हणजे एक दिवस, तर निदान एक दिवस आधी तो ३००वर आणावा, मग पत्ता बदलावा आणि काही रिझॉल्व्हर मुदत काटेकोर पाळत नाहीत म्हणून जुना सर्व्हर आणखी थोडे दिवस चालू ठेवावा. अधिकृत सर्व्हरच बदलायचे असतील, तर गोष्ट वेगळी. अधिकृत सर्व्हर कोणते हे सांगणाऱ्या, ‘डॉट कॉम’च्या सर्व्हरांकडून येणाऱ्या नोंदीची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस असते आणि ती आपल्या हातात नसते. ४८ तासांच्या त्या वाक्यात तथ्य असलेच, तर ते इथे आहे.

नकाराचीही मुदत असते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. नोंद करण्याआधीच एखादे नवे उपनाव, म्हणजे मुख्य नावाआधी ‘ब्लॉग’सारखा शब्द जोडून केलेले नाव, ब्राउझरमध्ये टाकून पाहिले, तर ‘असे नाव नाही’ हे उत्तरही रिझॉल्व्हर जपून ठेवतो, आणि नंतर नोंद केली तरी त्या रिझॉल्व्हरवर अवलंबून असलेल्या सगळ्यांना काही काळ तोच नकार मिळत राहतो. म्हणून नोंद आधी करावी, अधिकृत सर्व्हरला थेट विचारून ती दिसते का ते पाहावे, आणि मगच ते नाव ब्राउझरमध्ये टाकावे.