बेतुल, मे महिना आणि पायाला लागलेलं डांबर

अनमोड घाट उतरताना भाची गाढ झोपली होती, त्यामुळे डोंगरांवरचं माझं व्याख्यान वाया गेलं. ते तिने गोव्यातल्या बेतुलला वसूल केलं.

साळ नदी समुद्राला मिळते तिथली वाळू. मे संपत आलेला, वारा फिरलेला. दहा पावलं गेलो नाही तोच तिच्या टाचेला काळं, चिकट काहीतरी लागलं. साबणाने निघेना. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजींनी काही न विचारता खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. "दर वर्सा येता हें, पावसा आदीं." जहाजांच्या टाक्या धुताना सोडलेलं, कुठे गळलेलं खनिज तेल लाटांवर घट्ट होतं आणि नैऋत्येचे वारे त्याचे गोळे किनाऱ्यावर लोटतात.

"मामा, मग आपण आलो त्या डोंगरातही तेल असेल?"

"नाही" एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण मी सुटणाऱ्यांतला नाही.

डोंगरांत तेल सापडतं, पण ते घड्या पडलेल्या डोंगरांत. इराणचा झाग्रोस, आसामात नागा टेकड्यांचा पायथा. तिथे आधी समुद्र होता. तळाच्या चिखलात सूक्ष्म जीव गाडले गेले. मग भूखंड भिडले, थरांवर थर चढले आणि तो चिखल आणखी खोल दबला. साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअसला त्यातून तेल सुटतं, त्याहून तापला की गॅस. पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वालुकाश्माच्या छिद्रांतून, भेगांतून वर सरकतं. वाटेत थरांची कमान आणि तिच्यावर चिकणमातीचं किंवा मिठाचं झाकण असेल तर अडकतं. यात वेळ साधावी लागते. कमान व्हायच्या आधीच तेल निघून गेलं, तर रिकामी कमान काय कामाची? झाकणाला भेग गेली तर गळती. कांगड्याच्या ज्वालामुखी मंदिरातल्या ज्योती अशाच झिरपणाऱ्या गॅसच्या.

आसामातल्या दिग्बोईला म्हणे हत्ती जंगलातून परतले ते पायांना तेल माखून, आणि त्यावरून शोध लागला. गोष्ट खरी असो नसो, तिथली विहीर 1889ची आहे आणि 1901ची रिफायनरी आजही चालू आहे.

"म्हणजे मी हत्ती?" भाची म्हणाली.

आपला सह्याद्री मात्र घडी पडून उभा राहिलेला नाही. पश्चिमेचा भूभाग तुटून दूर गेला, त्याची ही उरलेली कड. त्यातून गोव्याचे बरेचसे खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने, दाबाखाली इतके भाजून निघालेले, की कधीकाळी तेल असलंच तरी टिकलं नसतं. लोखंड टिकलं, म्हणून खाणी.

आणि याच बेतुलच्या पठारावर ओएनजीसीची संस्था आहे, तेलक्षेत्रात काम करणाऱ्यांना सुरक्षितता शिकवणारी! भाचीला यात काहीच गंमत वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ती चपला घालून वाळूत उतरली. खोबरेलाची बाटली मला मागावी लागली.