नववी ओवी

आपली शाळा सुटायची ती पसायदानाने. शेवटचा तास संपत आला की दप्तरं भरून तयार असायची, आणि हात जोडून आम्ही ‘आतां विश्वात्मकें देवें’ सुरू करायचो. सुरुवात संथ असे. ‘दुरितांचें तिमिर जावो’पर्यंत सूर बरा टिकायचा. मग चाल वाढायची. ‘किंबहुना सर्वसुखीं’ला निम्म्या मुलांची दप्तरं खांद्यावर गेलेली असायची, आणि आठवी ओवी संपते न संपते तोच शिपाईमामा घंटेवर टोले द्यायचे. नववी ओवी त्या टोल्यांत आणि बाकांच्या खडखडाटात विरून जायची. पाचवीपासून मी रोज पसायदान म्हटलं. नववी ओवी मात्र मी पहिल्यांदा ऐकली ती दहावीत, आणि तीही बाहेरगावच्या एका म्हातारीने विचारलं म्हणून. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा मला तिच्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

त्याआधी नववीच्या वर्षाबद्दल सांगायला हवं. ते वर्ष आमच्या घराला वाईट गेलं. वडिलांची अडीच एकर जमीन, त्यात कांदा. लोणंदच्या माणसाला कांद्याचं गणित सांगायला नको. त्या उन्हाळ्यात भाव पडला, आणि जो माल गेला त्याचे पैसे एका व्यापाऱ्याने अडकवून ठेवले. वडील विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, म्हणजे पट्टी, खिशात घालून जायचे आणि तीच पट्टी घेऊन परत यायचे. तिच्या घड्या फाटायला आल्या होत्या. आई रोजाने दुसऱ्यांचा कांदा निवडायला जाऊ लागली. घरात भांडण नव्हतं, पण बोलणंही उरलं नव्हतं. त्या गप्प घराची मला भीती बसली आणि ती माझ्याबरोबर शाळेत येऊ लागली. गणिताचा पेपर समोर आला की हाताला घाम सुटायचा, येणारी उदाहरणंसुद्धा डोक्यातून पुसली जायची. सहामाहीला मी गणितात नापास झालो. प्रगतिपुस्तक वडिलांपुढे धरायला मला चार दिवस लागले. त्यांनी आत न बघता सही केली. त्यांनी दोन रट्टे दिले असते तर मी त्या रात्री झोपलो असतो.

आजी चुलीपुढे बसून म्हणायची, ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें, चित्तीं असों द्यावें समाधान.’ मला त्या ओळीचा मनापासून राग यायचा. वडिलांना लुबाडलं गेलं, आणि आपण म्हणायचं की असंच राहावं? एके दिवशी मराठीच्या तासाला मी उभा राहून बाईंना विचारलं, “बाई, ठेवलं तसंच राहायचं असेल तर शाळेत तरी कशाला यायचं?” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढची ओळ फळ्यावर लिहिली : ‘वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ.’ मग मला विचारलं, “तू बाजारातला मुलगा. जमाखर्चाच्या वहीत उद्वेग कुठल्या बाजूला मांडशील?”

मी म्हटलं, “खर्चाला.”

“आणि त्या खर्चात घरी काय आलं?”

मला उत्तर देता आलं नाही. बाई म्हणाल्या, “तुकोबांनी काम सोडा असं कुठे म्हटलंय? त्यांनी उद्वेग वाहू नका म्हटलंय. ओझं आणि काम यांतला फरक कळेपर्यंत ही ओळ सोडू नकोस.” त्यांनी तिथेच तास पुढे नेला. मला तेव्हा पटलं नव्हतं. पण रात्री गणिताची वही उघडली की मी स्वतःला विचारू लागलो, आत्ता मी उदाहरण सोडवतोय की फक्त घाबरतोय? बऱ्याच वेळा उत्तर दुसरंच असायचं. घाबरण्यात तास-तास जात होता, हे मला त्या प्रश्नामुळे पहिल्यांदा दिसलं.

दहावीचे वर्ग सुरू होऊन पंधरा दिवस झाले आणि पालखी आली. माउलींची पालखी नीरा ओलांडते, पादुकांना नीरेत स्नान होतं आणि ती सातारा जिल्ह्यात येते, ती आपल्या गावी मुक्कामाला. पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण. ज्यांनी या सोहळ्याला आजची शिस्त दिली ते हैबतबाबाही आपल्याच जिल्ह्यातले, आरफळचे. शिंद्यांच्या पदरी असलेल्या त्या सरदाराने लष्करासारखी आखणी वारीला दिली, म्हणून इतकी माणसं न हरवता चालतात, हे इतिहासाच्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं. पालखी आली की आपल्या शाळेचे वर्ग दिंड्यांना उतरायला दिले जायचे. आदल्या दिवशी आम्ही बाकं व्हरांड्यात एकावर एक रचायचो, फरशा धुवायचो, पिंप भरायचो. मुख्याध्यापकांची सूचना एका वाक्याची असायची : कोण कुठला, कुठल्या जातीचा, हे कुणाला विचारायचं नाही, तहान लागली आहे का, एवढंच विचारायचं.

माझ्याकडे दहावी ‘ब’ची खोली होती. म्हणजे माझाच वर्ग. परभणीकडच्या बायका तिथे उतरल्या होत्या. पावसात भिजून आल्या होत्या. जिथे रोज डस्टरची धूळ असायची तिथे ओल्या लुगड्यांचा, बुक्क्याचा आणि भाकरीच्या पिठाचा वास भरला होता. खिडकीच्या गजाला टाळ अडकवलेले, कोपऱ्यात तुळशीवृंदावन. मी घागर घेऊन फिरत होतो. भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीला पेला दिला. ती पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि वाकून तिने माझ्या पायांना हात लावला.

मी दचकून मागे सरलो. माझ्या आजीहून मोठी बाई ती. “आजी, माझ्या काय पाया पडता!” मी म्हटलं.

“पाय काय तुझे हायेत का रे?” ती म्हणाली, अगदी सहज, जसं कुणी ‘पाऊस थांबला का’ विचारावं.

वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, ‘माउली’ म्हणतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. पण ते मोठ्यांचं असतं असं मला वाटायचं. गणितात नापास झालेल्या, घरी कुणाच्या नजरेला नजर न देणाऱ्या पोराच्या पायांशीही कुणी वाकेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे कॉलेजात अद्वैतावरची व्याख्यानं ऐकली, जीव आणि शिव यांच्यावर टिपणं काढली. त्या सगळ्यांत तिच्या त्या प्रश्नापुढे जाणारं मला काही सापडलं नाही.

मग तिने भिंतीकडे बोट केलं. “बाळा, काय लिव्हलंय रे तिथं?” तिला वाचता येत नव्हतं. त्या भिंतीवर निळ्या रंगात पसायदान रंगवलेलं होतं. मी वाचायला लागलो. वाचायची गरज नव्हतीच, पाठ होतं. ती माझ्याबरोबर ओठ हलवत होती. तिलाही ते पाठच होतं. आठव्या ओवीला मी सवयीने थांबलो.

“आन् पुढं?”

पुढचं मला येईना. मी भिंतीकडे पाहिलं. रंगाऱ्याने वरच्या ओव्या ऐसपैस लिहिल्या होत्या आणि खाली जागा पुरली नव्हती. नववी ओवी अगदी तळाशी, बारीक अक्षरांत कोंबलेली होती. एरवी ती शेवटच्या बाकाआड असायची. मी गुडघ्यावर बसलो आणि वाचली : ‘तेथ म्हणे श्रीविश्वेशरावो । हा होईल दानपसावो । येणें वरें ज्ञानदेवो । सुखिया जाला ॥’

“झाली गं माय माझी माउली सुखी,” ती हात जोडून म्हणाली. डोळे मिटलेले. मग माझ्याकडे बघून, “मागितलं समद्यांसाठी. सोतासाठी कायबी न्हाई. तरी सुखी कोण झालं?”

मी गुडघ्यावर बसलेलाच होतो. खोलीत बायका हरिपाठाला बसू लागल्या होत्या, कुणीतरी टाळ काढून घेतले. त्या क्षणी माझ्या छातीतलं, नऊ-दहा महिने गच्च बसलेलं काहीतरी सैल झालं. मी तिथे तासभर बसून राहिलो. मुद्दाम लिहितो : घरची परिस्थिती तीच होती, पट्टी तीच होती. आणि तरीही मी सुखी होतो. हे असं होऊ शकतं, हे मला त्या खोलीत कळलं.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आपले विज्ञानाचे सर देव मानत नसत. प्रार्थनेला ते उभे राहायचे, हात जोडायचे नाहीत. त्या रात्री व्हरांड्यात कंदील घेऊन ते बसले होते. कोमट पाण्याची बादली, मलम, कापसाचा गठ्ठा. एकेका वारकऱ्याचा पाय मांडीवर घेऊन भेगा धुवायच्या, मलम लावायचं, पट्टी बांधायची. मध्यरात्र उलटून गेली. मी बादल्या बदलत होतो. न राहवून मी विचारलं, “सर, तुम्ही तर देव मानत नाही.” ते म्हणाले, “मला देव दिसत नाही. भेगा दिसतात.” ज्यांचे पाय ते धुत होते ते त्यांना ‘माउली’ म्हणत होते, आणि सर ‘हं, दुसरा पाय’ म्हणत होते. एकाच छपराखाली ती म्हातारी आणि हे सर मला मिळाले. मला देवाविषयी जे काही वाटतं ते या दोघांकडून आलेलं आहे, आणि त्यांच्यातला एक जरी नसता तरी माझी श्रद्धा लंगडी राहिली असती असं मी मानतो.

पालखी तरडगावकडे गेली. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी बाईंना म्हातारीचं बोलणं सांगितलं. बाईंनी तो सगळा तास त्यावर घालवला. शके १२१२, म्हणजे १२९० साली नेवाशात हे मागणं मागितलं गेलं. परंपरेने १२७५ हे जन्मवर्ष धरलं तर ज्ञानदेवांचं वय तेव्हा पंधरा. “तुमच्या बाकावर बसण्याचं वय,” बाई म्हणाल्या. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं, गावाने ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलेलं. त्या मुलाने नऊ हजार ओव्यांच्या शेवटी काय मागावं? ‘खळांची व्यंकटी सांडो.’ खळ मरोत असं त्याने म्हटलं नाही, त्यांचा वाकडेपणा जावो, एवढंच म्हटलं.

इथे मात्र मी अडलो. तो व्यापारी माझ्या डोळ्यांपुढे होता. त्याचा वाकडेपणा जावो असं मला वाटत नव्हतं, त्याचं दुकान जावं असं वाटत होतं. ज्यावर मन नाही ते तोंडाने म्हणायचं नाही असं ठरवून मी पुढे कित्येक महिने दुसऱ्या ओवीला ओठ मिटून उभा राहिलो. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी कधी टोकलं नाही. त्यांच्या या गप्प राहण्याचं मोल मला आज, स्वतःची मुलं वाढवल्यावर, कळतं. व्यापाऱ्याने पुढे थोडे पैसे दिले, सगळे नाही. ती ओवी मी पुन्हा म्हणू लागलो ती वडील गेल्यावर. तेराव्याच्या दिवशी तो व्यापारी आमच्या दारात येऊन बसला होता, थकलेला, काठी टेकत. मी त्याला पाणी दिलं. बोललो काहीच नाही.

दहावीचं वर्ष मी वेगळ्या रीतीने काढलं. शाळा सुटली की आईबरोबर कांदा निवडायला बसायचो. सावता महाराज अरणच्या मळ्यातून पंढरीला गेले नाहीत, ‘कांदा मुळा भाजी’ हीच त्यांना विठाबाई होती, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. आता बोटांना टरफलं चिकटलेली असताना ते शिकत होतो. आई चांगला, गोल्टी, चिंगळी असे ढीग लावायची. मी तिच्या शेजारी पाढे म्हणायचो. निवडायला येणाऱ्या बायकांची लहान पोरं भोवती खेळत असायची. ती पाढे ऐकून म्हणू लागली, मग वजाबाकी घेऊन येऊ लागली. त्यांना समजावताना मला माझं गणित समजू लागलं. बोर्डाच्या परीक्षेत गणितात मला एकसष्ट मिळाले. निकालाच्या दिवशी आजी सोडून कुणी फार आनंद केला नाही, पण वडिलांनी गुणपत्रिका हातात घेऊन दोनदा वाचली. त्या दोन वेळांसाठी मी आजही शाळेचा ऋणी आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी पुण्याला असतो. पालखी गावातून निघाली की मी शाळेत येतो. आता दिंड्यांच्या राहुट्या असतात, ट्रक असतात, तरी काही खोल्या लागतातच. विद्यार्थ्यांबरोबर झाडू घेतो. फरशीवर बुक्क्याचे डाग असतात, ते पाण्याने जात नाहीत, घासावे लागतात. दहावी ‘ब’ची खोली मी दुसऱ्या कुणाला देत नाही. मुलांनाही ते माहीत झालं आहे.

अमृतमहोत्सवानिमित्त सगळे वर्ग नव्याने रंगवणार आहेत असं कळलं. त्या भिंतीवरचं पसायदानही नव्याने लिहिलं जाईल. समितीला माझी एक विनंती आहे. रंगाऱ्याला आधी भिंत मोजून घ्यायला सांगा. वरून सुरुवात केली की जागा पुरत नाही. नववी ओवी बाकांच्या वर यायला हवी, आणि बसलेल्या मुलाला मान न वाकवता वाचता येईल एवढं अक्षर मोठं हवं. रंगाचा खर्च मी देतो.