शाळा न पाहिलेल्यांची स्मरणशक्ती मोजताना

मेंदूच्या वार्धक्यावर काम करणाऱ्या विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी.साठी रुजू झाले, तेव्हा विषय ठरलेला होता. साठी ओलांडलेल्या माणसांची स्मरणशक्ती आणि त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणींशी जोडलेल्या छोट्या भागाचं आकारमान यांचा मेळ कसा बसतो, ते पाहायचं. माणसं कुठली घ्यायची ते मात्र माझ्यावर सोडलं होतं. मी सोलापूरची. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं, मी आमच्याकडचीच माणसं घेणार. साखर पेठ, कन्ना चौक, विडी घरकुल इथली. त्यांनी एवढंच विचारलं, "यातले शाळेत किती जण गेलेत?" पुढचं जवळजवळ सगळं काम या प्रश्नाभोवतीच फिरलं.

विस्मृतीची प्राथमिक तपासणी करायला जगभर जी प्रश्नावली वापरतात, ती अमेरिकेत फोल्स्टाइन दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली केली. 30 गुणांची. साधारणपणे 24 च्या खाली गुण आले की शंका घ्यायची. आता यात काय काय असतं बघा. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करत जा, कागदावर लिहिलेली सूचना वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, दोन पंचकोन एकमेकांत गुंतलेले आहेत ते बघून काढा. जिने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, त्या आजीचे इथेच किती गुण गेले! तिचं डोकं शाबूत असतं. रोज हजार विड्यांचा हिशेब तोंडी ठेवते, कुणाची हप्त्याची तारीख कधी ते तिलाच विचारतात. आणि कागद म्हणतो, हिला विस्मृती.

ही अडचण काही माझ्या आधी कुणाला दिसली नव्हती असं नाही. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर ग्रामीण माणसांसाठी या प्रश्नावलीचं हिंदी रूप तयार केलं, ते 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वाचायच्या सूचनेऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा' असं आहे. मी ते वाचलं तेव्हा हायसं वाटलं. रस्ता होता. फक्त आमच्या पेठांपर्यंत आलेला नव्हता.

आणि तो इथवर आणणं किती गरजेचं आहे, ते आकड्यांवरूनच कळतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारा विस्मृतीचा आजार आहे. बायकांत प्रमाण जास्त, शाळा न शिकलेल्यांत जास्त. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका बहुतेक याच दोन्ही गटांत बसतात. त्यामुळे त्यांना नीट मोजलं नाही तर आपण मोजतोय तरी काय?

पहिला अडथळा आला तो संमतिपत्राचा. नीतिशास्त्र समितीने माझा मसुदा भाषा सोपी करा म्हणून परत पाठवला, आणि ते बरंच झालं. दुसऱ्या मसुद्यात मी आईला समोर बसवून एकेक वाक्य वाचून दाखवलं; तिला अडलं ते वाक्य बदललं. पण खरा पेच अंगठ्याचा होता. सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्यायची, असा नियम आहे. आमच्या वस्तीत मात्र अंगठा म्हटलं की कर्ज, जामीन, घराचे कागद असंच डोळ्यांसमोर येतं. कुणी फसलेलं असतं, कुणी फसलेल्याला ओळखत असतं. मग मी पद्धतच बदलली. पहिल्या भेटीत अंगठा घ्यायचाच नाही. चार शेजारणींसमोर कागद वाचायचा, तो घरात ठेवून यायचं, नातवाला वाचू द्यायचं, आठवड्याने परत जायचं. वेळ खूप गेला. पण एकदा हो म्हटलेली बाई नंतर मागे फिरली, असं फार क्वचित झालं. या कामात येणाऱ्या मुलामुलींना मी आजही आधी हेच सांगते.

जायची वेळही त्यांच्या दिवसाप्रमाणे धरावी लागे. सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन, पान-तंबाखू घेऊन बायका घरी येतात, त्यानंतरचा तासभर बरा. उन्हाळ्यात त्यापुढे पत्र्याखाली बसून कुणाला दहा शब्द पाठ करा म्हणणं म्हणजे छळच.

यंत्रमागावरच्या काकांबाबत वेगळंच लक्षात आलं. मी शब्द वाचायची, ते दुसरेच शब्द परत सांगायचे. आधी वाटलं स्मरणशक्तीच गेली. मग वडिलांची आठवण झाली. घरात त्यांच्याशी आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. तीस-तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेले कान ते! ऐकूच न आलेला शब्द आठवणार कुठून? तेव्हापासून आधी कान तपासायचे, चश्मा आहे का बघायचं, आणि मगच चाचणी, असा क्रम लावला. गरज असेल तिथे आवाज वाढवणारं छोटं यंत्र कानाला लावून शब्द वाचले. ऐकू न येणं हा स्वतःच डिमेन्शियाचा धोका वाढवणारा घटक आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे असे 14 घटक दिले आहेत, आणि त्या सगळ्यांवर उपाय झाले तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असं म्हटलं आहे. कमी शिक्षण, बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, सगळं त्या यादीत आहे. ती यादी वाचताना मला आमची गल्लीच दिसत होती.

आता चाचणीबद्दल. पेन्सिल लागणारं सगळं आम्ही काढून टाकलं. शब्दांची यादी करताना पथ्य असं, की शब्द रोजच्या वापरातले हवेत, पण एकमेकांची आठवण करून देणारे नकोत. 'चूल' आली की 'भाकरी' आपसूक आठवते. प्राण्यांची नावं सांगा या प्रश्नासोबत आम्ही भाज्यांची नावं ठेवली. एका मिनिटात जितकी सांगता येतील तितकी. एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या आजी होत्या, सत्तरीपुढच्या, नाकात चमकी, मांडीवर विड्या वळायचं सूप. चाचणीपुरतं सूप बाजूला ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, "हात थांबला की डोकं थांबतंय गं." म्हणून राहू दिलं. मी घड्याळ लावलं. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं हवेत कुठे कुठे ठेवत सुरुवात केली. मेथी, शेपू, चुका, मग गोंगूर, मग वंकाय, मग दोडका, कारलं, परत तेलुगू. मंडईत त्या ज्या क्रमाने हिंडतात, त्याच क्रमाने. मिनिट संपलं तरी त्या थांबेनात, अजून मिरचीवाल्यांपर्यंत पोचायचं होतं. आमचा नियम होता, कुठल्याही भाषेतलं उत्तर धरायचं, मात्र तीच भाजी दोन भाषांत आली तर एकदाच मोजायची. एकाच भाषेत बोला म्हणून अडवलं असतं तर त्यांचे निम्मे गुण गेले असते.

या भाषांचाही मेंदूशी थेट संबंध आहे. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये डिमेन्शियाच्या 648 रुग्णांचा अभ्यास केला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं त्यात दिसलं, आणि मुख्य म्हणजे निरक्षर रुग्णांमध्येही हा फरक होता. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड, हिंदी सगळीकडे, हे सोलापुरात कुणाला शिक्षण वाटत नाही. मला मात्र तो अभ्यास वाचल्यापासून आमच्या बायकांची ही मोठी कमाई वाटते, आणि माझ्या प्रश्नावलीत 'शिक्षण किती' याच्या खालीच 'भाषा किती, कुणाशी कुठली' हा रकाना आला.

एमआरआयचा दिवस सगळ्यांनाच जड जायचा. अंगावर धातू चालत नाही. जोडवी, चमकी, बांगड्या निघायच्या, काही वेळा साबण लावून. मंगळसूत्रापाशी मात्र सगळं अडायचं. नवरा जिवंत असताना गळा मोकळा ठेवायचा नाही, ही त्यांची बाजू, आणि तिच्याशी वाद घालायचा मला हक्क नव्हता. तोडगा एका सुनेने सुचवला: पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून सासूच्या गळ्यात घातलं आणि मग मंगळसूत्र काढलं. त्यानंतर माझ्या पिशवीत हळकुंडं आणि दोरा कायम असायचा. यंत्राच्या आवाजाला मात्र आमचे मागवाले अजिबात बिचकले नाहीत. एक काका बाहेर येऊन म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आमचा खाता मोठा वाजतो." खाता म्हणजे मागांचा कारखाना.

मग आलं महिनोन्‌महिन्यांचं बसून करायचं काम. हिप्पोकॅम्पस मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत दडलेला, जेमतेम करंगळीएवढा भाग. नवी आठवण पक्की होण्यात त्याचा मोठा वाटा. संगणक त्याची हद्द आखून देतो, पण म्हाताऱ्या, आक्रसलेल्या मेंदूत तो चुकू शकतो, म्हणून प्रत्येक काप उघडून कडा हाताने तपासायची. शेजारचा अमिग्डला हा मेंदूचा दुसरा भाग कुठे संपतो, हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. माझी सहकारी आणि मी तेच स्कॅन वेगवेगळे आखायचो, एकमेकींचं न बघता, आणि कुणाचं स्कॅन आहे हेही माहीत नसताना. दोघींचे आकडे पुरेसे जुळेपर्यंत मॅडमनी खऱ्या कामाला हात लावू दिला नाही. शिवाय लहान चणीच्या बाईचा हिप्पोकॅम्पस मुळात लहानच असणार, म्हणून कवटीच्या आकारमानाचा हिशेब धरायचा. निरोगी माणसातही उतारवयात तो वर्षाला साधारण 1 ते 2 टक्के आक्रसतो. एवढा बारीक फरक पकडायचा, तर आखणीत तितकीही ढिलाई चालत नाही.

त्याच माणसांची पुन्हा चाचणी घ्यायला दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा काही दारं बंद होती. कुणी मुलाकडे पुण्याला, भिवंडीला गेलेलं, कुणी वारलेलं. भाज्यांची नावं सांगणाऱ्या आजी होत्या, मला नावानिशी ओळखलं. काहींचे गुण मात्र खरोखर उतरले होते. अशांना आम्ही वैद्यकीय तपासणीला पाठवलं. सगळ्यांनाच अल्झायमर नव्हता. कुणाचं बी-12 खूप कमी, कुणाचं थायरॉइड बिघडलेलं, कुणी नवरा गेल्यापासून नैराश्यात. यांतली काही माणसं उपचारानंतर पुन्हा बोलायला, हिशेब ठेवायला लागली. शोधनिबंध छापून आला त्याचा आनंद झालाच, पण या घरांतून आलेल्या फोनचा जास्त झाला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जास्त प्रश्न निरक्षर गटाच्या तक्त्यावरच विचारले. वय आणि भाषा धरून शाळा न शिकलेल्यांचे नेहमीचे गुण किती असतात, याचा तो तक्ता. जुन्या प्रश्नावलीत शंकास्पद ठरलेल्या अनेकजणी त्यात अगदी ठीक बसत होत्या. मी एकेका रकान्याचं उत्तर देऊ शकले, कारण प्रत्येक आकड्यामागचं घर मला माहीत होतं.

पदवी मिळाल्यावर प्रत्येक घरी जाऊन निकाल सांगायचा, असं मी सुरुवातीलाच कबूल केलं होतं. लोक विचारतात, मग आता करायचं काय? मी कान तपासा म्हणते, बीपी-साखर सांभाळा म्हणते, आणि चाला म्हणते. 2011 साली अमेरिकेत 120 वृद्धांवर झालेल्या प्रयोगात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला होता, हे ऐकून एका काकांनी सिद्धेश्वर तलावाकाठी रोज सकाळी फेऱ्या सुरू केल्या. विडी घरकुलमधली काही घरं अजून राहिली आहेत. गड्ड्याची जत्रा उरकली की तिसरी फेरी सुरू होईल. दोन नव्या विद्यार्थिनी आल्या आहेत, त्यातली एक तेलुगू चांगलं बोलते, तिला आधी संमतिपत्र मोठ्याने वाचायला बसवलं आहे.