‘पीके’चा दुसरा मंगळवार

१९ डिसेंबर २०१४ला ‘पीके’ आमच्याकडे लागला तेव्हा मी त्या थिएटरला मॅनेजर होतो. तालुक्याचं गाव, एकच पडदा, खाली स्टॉल, वर बाल्कनी. पहिला आठवडा हाऊसफुल्ल गेला. राजकुमार हिरानी आणि आमिर खान म्हटल्यावर ते होणारच होतं. सांगायचंय ते दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारचं, ३० तारखेचं.

थिएटरात काम करणारा माणूस पिक्चर बघत नाही, पब्लिक ऐकतो. ऑफिसात डीसीआर, म्हणजे रोजच्या तिकीटविक्रीचा हिशेब, भरत बसलो असलो तरी हशावरून मला कळायचं कुठला सीन चाललाय, आणि हसतंय कोण तेसुद्धा. परीक्षेच्या दिवशी कॉलेजबाहेर पीके, म्हणजे आमिर, दगडाला पानाचा लाल रंग फासतो, पुढे चिल्लर टाकतो आणि पोरं येऊन पाया पडायला लागतात, तिथे बाराच्या शोची पोरं खुर्च्या बडवायची. देवळात जाताना तो चपलांना कुलूप लावतो, तिथे बाल्कनीतून बायकांचं हसू यायचं. दानपेटीतले पैसे परत काढतो, तिथे सगळा स्टॉल. शंकराच्या वेषातला नट बाथरूममध्ये सापडतो आणि पीके त्याच्या मागे लागतो, त्याला मात्र वर-खाली सगळेच हसायचे.

मग पिक्चरमध्ये देवाची चेष्टा केलीय म्हणून झालेली अहमदाबादच्या थिएटरांची तोडफोड टीव्हीवर दाखवायला लागले. मंगळवारी बाराच्या शोला शंकराच्या त्याच सीनला हशा आला, पण उशिरा आला. मी मुद्दाम बाल्कनीच्या दारात जाऊन उभा राहिलो. माणसं हसण्याआधी शेजाऱ्याकडे बघत होती. कोण बसलंय, आपण हसलेलं चालेल का, असं बघून मग हसत होती. काही नुसतीच बघत राहिली. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण पडद्यासमोरच्या अंधारात माणूस माणसाला भ्यायलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

तीनच्या शोआधी पंधरा-वीस पोरं निवेदन घेऊन आली. बहुतेकांचे वडील माझ्या ओळखीचे, त्यामुळे बोलणं नीट झालं. "काका, तेवढा सीन उडवा, आम्ही जातो." मी विचारलं, तुमच्यातल्या कुणी पिक्चर पाहिलाय? कुणीच पाहिला नव्हता. मोबाईलवर आलेला तुकडा पाहिला होता.

सीन उडवा म्हणजे काय, हे मी त्यांना केबिनमध्ये नेऊन दाखवलं. रिळांच्या काळात ऑपरेटरच्या हातात कात्री आणि जोडटेप असायची. प्रिंट तुटली की कापायची, जोडायची. कुठे तक्रार आली म्हणून दोन-चार फूट गुपचूप काढल्याचे प्रकारही चालायचे. आता पिक्चर सॅटेलाईटवरून सर्व्हरवर उतरतो, तोही कुलूपबंद. कंपनीकडून लायसन्स आलं तरच तो शो चालू होतो. आत हात घालायची सोयच नाही. आणि सोय असती तरी १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा आहे: सेन्सॉरने पास केलेल्या पिक्चरमध्ये फेरफार केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. एक पोरगा म्हणाला, मग त्या वेळेला पडदा काळा करा. ते जमलं असतं. प्रोजेक्टरचा डाऊझर, म्हणजे उजेड अडवणारी झडप, बंद केला की झालं. आमचा ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हणालो. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर मी हात ठेवणार नाही, हे मला आजही बरोबर वाटतं.

पोलिसांना फोन केला तर साहेब म्हणाले, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." या वाक्याचा मला फार राग आहे. काच फुटली तर ती मॅनेजरच्या निर्णयाने फुटली, आणि शो बंद ठेवला तरी मॅनेजरनेच ठेवला. वरही तेच चाललं होतं. गृहराज्यमंत्री म्हणाले चौकशी करू, आणि लगेच मुख्यमंत्री फडणवीसांनी सांगितलं की सेन्सॉरने पास केलाय, चौकशी होणार नाही. तिकडे उत्तर प्रदेशात तोच पिक्चर करमुक्त झाला. या सगळ्यांच्या मधोमध गेटवर उभा आमचा म्हातारा डोअरकीपर, हातात फक्त बॅटरी.

अखेर दोन हवालदार आले. शो चालू केला. पोरांनी बाहेर घोषणा दिल्या, वार्ताहराने फोटो काढले.

मध्यंतराला बुवा बाहेर आले. आमच्या भागातले कीर्तनकार, गळ्यात माळ, सोबत आठ-नऊ वर्षांची नात. थिएटरची पायरी न चढणारा माणूस. कीर्तनानंतर लोक त्या पिक्चरबद्दल विचारायचे, म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले होते. चेहरा उतरलेला होता. मी म्हणालो, "बुवा, तिकिटाचे पैसे परत देतो."

"पैशाचं न्हाई ओ. तो भोंदू म्हाराज दावलाय, त्यो बराबर दावलाय. असलं लई बघितल्यात म्या. दानपेटीचं बी खरंय, त्याला म्या हसलो. पर शंकराच्या येशातलं माणूस संडासात बघून ही पोर हसली, आन् मला कसंतरीच झालं."

मी म्हणालो, "तो नट आहे बुवा, पिक्चरमध्येसुद्धा नटच आहे. आणि तमाशाच्या गवळणीत मावशी किसनदेवाची चेष्टा करते, ती चालते ना?"

"चालती की. पर आधी गण हुतो. गणपतीला हात जोडत्यात, मग गवळण. हात जोडून केलेली चेष्टा घरातल्या माणसाची. ह्यानं कवा हात जोडलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नातीचा हात धरून निघताना ते म्हणाले, "भायेर पोरं वरडत्यात, त्यांच्यात मला धरू नका," आणि सायकल स्टँडच्या बाजूने, मागच्या गेटने गेले.

मला अजून सुटत नाही ते हे. त्या दिवशी खरोखर दुखावलेला माणूस मला एकच भेटला. त्याने पिक्चर पाहिला होता, पटलं तिथे हसला होता, नाही पटलं तिथे उठला होता. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं, वाद घालण्यासारखंही होतं. पण बाहेर घोषणा चालू असल्यामुळे त्याला ते मोठ्याने बोलता आलं नाही. आत लोकांना मोकळं हसता आलं नाही आणि बुवांना मोकळं रागावता आलं नाही. दोन्ही त्याच पोरांनी हिरावलं. पेपरात फोटो मात्र पोरांचाच आला.

पुढच्या जत्रेत मी तमाशाच्या तंबूत मुद्दाम सुरुवातीपासून बसलो. फडाच्या सोंगाड्याला बुवांचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "खरंय, हात जोडल्याबिगर बोर्डावर पाय न्हाई." म्हणजे बुवांचा मुद्दा पक्का होता. पण पिक्चरच्या शेवटी पीके त्या भोंदू तपस्वी महाराजासमोर बसून म्हणतो, ज्याने आपल्याला घडवलं त्या देवावर विश्वास ठेवा, जो तुम्ही घडवलात त्याला सोडा. माझ्या मते ते हात जोडणंच आहे, फक्त शेवटी. बुवा मध्यंतराला उठले, त्यामुळे त्यांनी ते ऐकलंच नाही. आता ते थकलेत, कीर्तनं बंद आहेत, पण डोकं तल्लख आहे. गण शेवटी आलेला चालतो का, एवढं एकदा त्यांना विचारायचंय.