कुतचा वेढा, १:५००० : नदी बसली

मंडळी, कुतच्या वेढ्याच्या माझ्या मॉडेलच्या बोर्डावर टायग्रिस नदी बसली. पहिल्या महायुद्धातली मेसोपोटेमियाची (आजच्या इराकची) मोहीम म्हटली की बहुतेकांना आधी तोफा आणि उंट रंगवायचे असतात. मी नदी आधी घेतली, कारण तिथे धड रस्ते नव्हते आणि बसऱ्याहून वर रेल्वेही नव्हती. बोटी जेवढं धान्य नि दारूगोळा वर नेतील तेवढीच फौज पुढे सरकणार.

कुत हे नदीच्या वळशात बसलेलं गाव, इथेच तुर्कांनी ब्रिटिशांच्या गोऱ्या-हिंदी फौजेला वेढलं. तीन बाजूंना पाणी, उत्तरेचं तोंड खंदकांनी बंद. या प्रमाणात वळसा दोन फुटांचा होतो आणि मातीचं घर एक मिलिमीटरही भरत नाही. घरांसाठी जाड सँडपेपर बारीक कापून चिकटवला. खंदकांसाठी वॉल पुट्टी झकास: अर्धवट सुकली की दाभणाने रेघ ओढायची. ओली असेल तर कडा ढासळतात, पूर्ण वाळली की टवके उडतात. पाण्यात निळा थेंबभरही नको. बर्न्ट अंबर, थोडा पिवळा, वर ग्लॉस वार्निश.

नदीचे दोन थर केलेत. खालचा डिसेंबर १९१५चा. वरचा ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकवर), उचलता येण्याजोगा, जानेवारी १९१६च्या अखेरचा. तेव्हा पूर आला आणि पुढचे खंदक सोडावे लागले, दोन्ही फौजांना. शीट ठेवली की पहिली रांग पाण्याखाली जाते. बोर्डातला हा भाग मला सगळ्यात आवडतो.

आता, ही फौज एवढ्या आत आलीच कशी? नोव्हेंबर १९१४मध्ये तुर्कस्तान युद्धात उतरलं, तेव्हा उद्देश होता इराणातल्या आबादानचं तेल आणि बसरा सांभाळणं. ब्रिटिश आरमार तेलावर चालू लागलं होतं आणि सरकारने त्याच वर्षी अँग्लो-पर्शियन कंपनीत मोठा हिस्सा घेतला होता. बसरा पडलं, मग कुर्ना, अमारा, सप्टेंबर १९१५मध्ये कुत. प्रत्येक विजयाने पुढच्या पावलाला निमित्त दिलं. तिकडे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीवरच्या चढाईत नाचक्की झालेली, त्यामुळे लंडनलाही बगदाद हवंसं वाटू लागलं. बोटी मात्र होत्या तेवढ्याच. नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफॉनला सहाव्या (पूना) डिव्हिजनचा दम संपला आणि तिचा सेनापती टाउनशेंड माघारी कुतला येऊन बसला. ७ डिसेंबरला वेढा पूर्ण.

टाउनशेंडवर माझा राग आहे तो पुढच्या गोष्टीसाठी. त्याने कळवलं, गोऱ्यांसाठी महिन्याभराचं आणि हिंदी सैनिकांसाठी दोन महिन्यांचं अन्न आहे. त्या घाईपोटी सोडवायला निघालेला सेनापती एल्मर याने सोडवणुकीच्या तुकड्या पुऱ्या जमायच्या आत जानेवारीत लढाईत लोटल्या. शेख साद, वादी, हन्ना: एकामागून एक रक्तपात. मागाहून गावात धान्य सापडलं आणि कुत २९ एप्रिलपर्यंत तगलं. सोडवायला गेलेल्यांपैकी सुमारे २३,००० जण जखमी वा ठार झाले. शरण आलेले साधारण १३,०००. त्यातले हजारो कैदेत मेले.

पलटणींच्या पिना लावताना आपली माणसं ठळक दिसतात. ईशान्य कोपऱ्यातल्या किल्ल्यावर १०३ मराठा लाइट इन्फंट्री, जिथे २४ डिसेंबरला तुर्कांनी खिंडार पाडून हल्ला चढवला आणि तो परतवला गेला. नदीपलीकडे वूलप्रेस गावात ११० मराठा. ११७ मराठाही वेढ्यात होती. तिला पुढे 'रॉयल' हा मान मिळाला.

विमानातून धान्य टाकलं जायचं ते दाखवायला बारीक तार वापरणार होतो, पण या प्रमाणात विमान म्हणजे माशी. सोडून दिलं.

पुढचं काम जुल्नारचं. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन सामान घेऊन ही आगबोट वर निघाली आणि मागासीसजवळ तुर्कांनी नदीत आडव्या ताणलेल्या दोरात अडकली. ती जागा बोर्डाच्या बाहेर, पूर्वेला येते, म्हणून वेगळा जोडतुकडा करतोय. दोरासाठी मासेमारीची नायलॉन जाड दिसते. कुणी केसाएवढी काळी तार वापरली असेल तर कुठे मिळते ते सांगा.