हेडरमध्ये अ‍ॅल्युमिनियम, स्पेक्ट्रममध्ये मॅग्नेशियम

व्हॅमास हा पृष्ठभागाच्या विश्लेषणाचा डेटा एकमेकांना देण्याचा साध्या मजकुराचा फॉर्मॅट. त्याची फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचणारे आता फारसे उरले नाहीत. पहिल्याच ओळीत १९८८ सालच्या मे महिन्याची तारीख, मग एका ओळीवर एक नोंद: संस्था, यंत्र, ऑपरेटर... पुढे क्ष-किरणांचा स्रोत, त्याची ऊर्जा. नोंदींना नावं नाहीत, नुसत्या क्रमावरून ओळखायच्या. एक ओळ गळली की खालचं सगळं सरकतं. तरी मला हा फॉर्मॅट आवडतो. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या डेटा आपापल्या कुलपात ठेवत असताना एका लॅबचा एक्सपीएस स्पेक्ट्रम, म्हणजे क्ष-किरणांनी नमुन्यातून उडवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख, दुसऱ्या लॅबमध्ये उघडतो तो याच्याच जिवावर. १९९८ पासून तो आयएसओ १४९७६ आहे.

कोबाल्ट फेराइटवर काम करणारी एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी दुसरीकडे मोजून आणलेली फाइल घेऊन आली. "सर, कोबाल्ट आणि लोहाचं प्रमाण रिव्ह्यूअरला मान्यच नाही."

आक्षेप रास्त होता. अ‍ॅल्युमिनियमच्या क्ष-किरणांनी हे मोजलं, की लोहाचे ऑजे इलेक्ट्रॉन (ज्यांची गतिज ऊर्जा क्ष-किरणांच्या स्रोतावर अवलंबून नसते) कोबाल्टच्या २पी पीकवर, म्हणजे प्रमाण ज्यावरून काढायचं त्या शिखरावर, येऊन बसतात आणि कोबाल्टचे लोहाच्या २पीवर. दोन्हीकडे भेसळ. पेपरात तिनं अ‍ॅल्युमिनियम, १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असंच लिहिलं होतं, कारण हेडरमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या नोंदींमध्ये, तेच होतं.

पण कोबाल्टचं पीक संशय यावा इतकं स्वच्छ दिसत होतं. म्हणून सगळी पीकं एकत्र दाखवणारा सर्व्हे स्पेक्ट्रम उघडला. ऑक्सिजनचा ऑजे ९७५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास हवा, तो होता ७४२ च्या जवळ. फरक २३३, म्हणजे बरोबर अ‍ॅल्युमिनियमचे १४८६.६ वजा मॅग्नेशियमचे १२५३.६. मोजणी मॅग्नेशियमवर झाली होती. बंधनऊर्जेच्या (स्रोताची ऊर्जा वजा इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा) अक्षावर फोटोइलेक्ट्रॉनची, म्हणजे क्ष-किरणांनी थेट उडवलेल्या इलेक्ट्रॉनांची, पीकं स्रोत बदलला तरी हलत नाहीत, ऑजे मात्र हलतात. फाइलमध्ये गतिज ऊर्जा साठवली असती, तर फोटोइलेक्ट्रॉनची सगळीच पीकं २३३ नं सरकली असती आणि शेंबड्या पोरालाही चूक दिसली असती. इथे अक्ष बंधनऊर्जेचा, म्हणून सगळं जागच्या जागी. सॉफ्टवेअरनं निमूटपणे अ‍ॅल्युमिनियमचे संवेदनशीलता गुणक (पीकच्या क्षेत्रफळावरून प्रमाण काढायचे आकडे) लावले आणि प्रमाण बिघडलं.

त्या लॅबला फोन केला. हातानं लिहिलेल्या रजिस्टरमध्ये मॅग्नेशियमच होतं. म्हणजे ऑपरेटरनं ऑजेची भेसळ टाळायला मुद्दाम अ‍ॅनोड, म्हणजे क्ष-किरण देणारा धातू, बदलला होता. इतकं जाणून काम करणारा माणूस हल्ली विरळा! त्याची ती हुशारी फाइलपर्यंत पोचलीच नाही, कारण हेडर एका जुन्या स्क्रिप्टमधून येतं आणि तिच्यात स्रोत कायमचा लिहून ठेवलाय.

माहीत नसलेल्या आकड्याच्या जागी दहाचा ३७वा घात लिहायची सोय या फॉर्मॅटमध्ये आहे. ती वापरायला लोकांना लाज का वाटते, कळत नाही. तसला आकडा दिसला असता तर विद्यार्थिनीनं निदान विचारलं असतं. रकाना भरलेला दिसला की कुणी विचारत नाही. ऑडिटवाले तर मुळीच नाही.

योग्य गुणक लावून प्रमाण पुन्हा काढलं आणि ऑजेची जागा दाखवणारी आकृती रिव्ह्यूअरच्या उत्तराला जोडली. स्क्रिप्ट बदला, असं त्या लॅबच्या प्रमुखांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: "आमच्या फाइली सगळ्यांकडे व्यवस्थित उघडतात."