वेळ मिळाला नसेल

मंगळवार, रात्री उशिरा

झोप येत नाही. कारण इतकं लहान आहे की कुणाला सांगायलाही नको वाटतं. सानूसाठी नेलेलं भेटीचं खोकं मी टेबलावर ठेवलं आणि आत्याशी बोलत बसले. अर्ध्या तासाने बाहेर आले तर खोक्याचा कागद बदललेला. रुपेरी, चकचकीत, वर तयार फूल. वहिनी हसून म्हणाली, "अगं, तुला वेळ मिळाला नसेल म्हणून मीच घातला. घरी उरलाच होता."

वेळ मिळाला नसेल.

ती हे प्रेमाने म्हणाली. म्हणूनच मला काही बोलता आलं नाही. दादाही तिथेच होता, पण ते जाऊ दे.

रविवारची अख्खी दुपार गेली होती त्या कागदावर. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं जाड पान, कोरी बाजू वर. बटाटा अर्धा कापून त्यावर पानाचा आकार कोरला. कापलेली बाजू फडक्याने टिपून कोरडी केली, कारण बटाट्याचं पाणी रंगात उतरलं की ठशाच्या कडा फुटतात. निळा रंग स्पंजने, अगदी पातळ. पहिले चार-पाच ठसे रद्दीवर, मग खऱ्या पानावर. एक उलटा, एक सुलटा. वाळल्यावर सुतळी बांधली. चिकटपट्टी मुद्दाम लावली नाही. ती ओढली की कागदाचा पापुद्रा निघतो, आणि मला तो कागद सानूच्या हातात अख्खा जायला हवा होता. पारदर्शक चिकटपट्टी आली १९३० साली. त्याआधी लोक दोऱ्याने, लाखेने बांधत होते, तेव्हा कुणी त्याला घाई म्हटलं नसेल.

तिला नेमकं काय दिसलं असेल? कॅलेंडरचा कागद? सुतळी? की नीट पाहिलंच नाही? हा शेवटचा विचार सगळ्यात जास्त लागतो. ठसे आवडले नाहीत असं ती म्हणाली असती तर चाललं असतं. पण तिने ते वेळ न मिळाल्याची खूण म्हणून वाचले.

मला खरंच विचारायचं आहे, चकचकीत कागद म्हणजे मन लावून केलेलं, हे कुणी ठरवलं? तो कागदसुद्धा नड भागवायलाच आला होता. १९१७ च्या नाताळात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये हॉल बंधूंच्या दुकानातला भेटी गुंडाळायचा पातळ टिश्यू कागद संपला. तेव्हा मुख्यतः पांढरा, लाल आणि हिरवाच मिळायचा. दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद विकायला ठेवला. तो खपला, पुढच्या वर्षी पुन्हा खपला, आणि मग ते स्वतःच तसा कागद छापू लागले. शुभेच्छापत्रांची हॉलमार्क कंपनी ती हीच. म्हणजे त्या रुपेरी कागदाची आजीही हाताशी होतं ते वापरणारीच. हे आठवलं तेव्हा मला थोडं रडू आलं. का, ते सांगता येणार नाही.

की कापडात बांधायला हवं होतं? कापडाला कुणी घाईचं म्हणत नाही. जपानी फुरोशिकीत चौकोनी कापडाचा कर्ण वस्तूच्या साधारण तिप्पट धरतात. समोरासमोरची दोन टोकं वस्तूवर घ्यायची, उरलेल्या दोघांची गाठ मारायची, झालं. जुनी ओढणी, रुमाल, काहीही चालतं. बाटलीसारख्या गोल वस्तूला फाटक्या शर्टाची बाही. पण जपानमध्येही कागदाच्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांपुढे फुरोशिकी मागे पडलीच होती. २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या धाग्याची फुरोशिकी काढून लोकांना तिची आठवण करून दिली. त्यांचीही सवय सुटू शकते, तर वहिनीला माझे ठसे कसे वाचता येणार?

सानूने तो रुपेरी कागद दोन झटक्यांत फाडला. निघताना मी एक तुकडा उचलून आणला होता. आत्ता मुठीत चुरगाळून टेबलावर सोडला, तर हळूहळू पुन्हा उघडला. निव्वळ कागद असता तर तसाच चुरगळलेला राहिला असता. हा उघडतो, म्हणजे त्यात प्लॅस्टिकचा थर आहे, तो पुन्हा कागद व्हायला जाणार नाही. वहिनीला सांगेन. आज नाही, नंतर कधीतरी.

आणि आता जे लिहायला मी टाळत होते ते. निघताना तिने माझा कागद परत दिला. "नवाकोरा आहे, पुन्हा कामाला येईल." घडीवर घडी घालून, वर सुतळीचं लहानसं वेटोळं. घरी येऊन ते उलगडलं. सुतळी कुठेच कापलेली नव्हती. मी दुहेरी गाठ मारली होती, ओली करून, घट्ट. ती नखांनी सोडवावी लागते. कागद कुठे फाटला नव्हता, एका ठशालाही ओरखडा नव्हता.

एवढी गाठ सोडवायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.

मग उठून इस्त्री काढली. अगदी मंद, वाफ बंद, पान पालथं करून. तारखांची बाजू वर आली, मार्च महिना. घड्या बऱ्याच गेल्या, मधली एक ठळक रेघ राहिली. पुढच्या महिन्यात वहिनीला द्यायचं खोकं कपाटात आहेच, ते काढून मोजलं. बाजू २० सेंटीमीटर, उंची ४. सरळ गुंडाळायचं तर भोवती ४८, वर २ जोडासाठी, म्हणजे ५० हवेत. पान ३६ बाय ४६. बसत नाही. क्षणभर वाईट वाटलं, मग तिरक्या पद्धतीची आठवण झाली. चौकोनी खोक्याच्या वरच्या बाजूचा कर्ण घ्यायचा, त्यात उंचीची दीडपट मिळवायची, तेवढ्या बाजूचा चौरस पुरतो. कर्ण २८ च्या थोडा वर, त्यात ६. साधारण सव्वाचौतीस.

पान ३६ चं चौरस कापलं, खोकं तिरकं ठेवलं. चारही टोकं मधोमध येऊन टेकली, थोडी एकमेकांवरही चढली. मधली रेघ वरच्या बाजूवरून आडवी जाते. राहू दे. सुतळी तीच घेतली. गाठ या वेळी एकेरी मारली, ओढली की सुटेल अशी.